कुंडीतल्या पालेभाज्या : कडक उन्हाळ्यात काय लावावे?

नोव्हेंबरात गॅलरीत मेथी पेरली की महिनाभरात भाजीपुरती जुडी हाती येते. तेच बी, तीच कुंडी आणि तीच माती एप्रिलमध्ये वापरली, तर मेथी उगवून पिवळी पडते आणि कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर येते. दोष बहुधा खताला किंवा बियाण्याला दिला जातो. खरी अडचण ऋतूची असते. मेथी, कोथिंबीर, शेपू ही थंडीची पिके आहेत. दिवस मोठा झाला आणि ऊन तापले की ती पाने वाढवण्याऐवजी बी धरण्याची घाई करतात. जास्त पाणी घातल्याने ही घाई थांबत नाही.

उन्हाळ्यासाठी सर्वांत भरवशाची भाजी म्हणजे माठ, हिरवा असो वा लाल. मका आणि उसाप्रमाणे माठाची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत कडक उन्हाला साजेशी आहे, त्यामुळे इतर भाज्या माना टाकतात तेव्हाही तो वाढत राहतो. बी खसखशीएवढे बारीक असते. ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून विखरावे आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. खोल गेलेले बी उगवत नाही. दाट उगवलेली रोपे उपटून विरळणी करावी. उपटलेल्या कोवळ्या रोपांचीही भाजी होते. साधारण महिन्याभरात रोपे मुळासकट न काढता बुडाशी चार बोटे ठेवून खुडली, तर पुन्हा फुटवे येतात.

मायाळू आणि अंबाडी यांनाही उष्णता मानवते. मायाळूला बी शोधत बसायची गरज नाही: जाडसर देठाचा तुकडा पाण्यात ठेवला तरी मुळे फुटतात. वेलाला गॅलरीच्या गजाचा आधार पुरतो.

पालकाची गंमत वेगळी आहे. आपल्याकडे 'पालक' म्हणून विकली जाणारी भाजी बहुधा बिटाच्या कुळातली, बिटाचीच पानांसाठी वाढवलेली बहीण असते. म्हणूनच तिच्या एका खडबडीत 'बी'मधून दोन-तीन रोपे येतात. विलायती पालकापेक्षा ती उष्णता जास्त सोसते, पण भर मे महिन्यात तिलाही दुपारची सावली लागते.

भांड्याचा प्रश्न उन्हाळ्यात जास्त नडतो. जमिनीत मुळे खाली गारव्यात असतात, कुंडीत मात्र चारही बाजूंनी ऊन लागते. काळे प्लॅस्टिक सर्वांत जास्त तापते. तेच असेल तर बाहेरून जुने गोणपाट गुंडाळावे किंवा कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. पालेभाज्यांना 15 ते 20 सेंटिमीटर खोली पुरते. त्यामुळे उंच कुंडीपेक्षा पसरट टब किंवा फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका बरा, मात्र त्याला खाली भोके हवीतच. नुसती काळी माती कुंडीत भरू नये. ती ओली असताना घट्ट बसते, वाळली की तडकते आणि मग पाणी कडेकडेने वाहून जाते. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात घेतले तर ओल टिकते.

पाणी सकाळी लवकर द्यावे. कडक उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा लागू शकते. बोट दोन पेरे खुपसून पाहणे हीच खरी खूण. दुपारी पाने मलूल दिसली तरी माती ओली असेल तर पाणी घालू नये, ऊन उतरल्यावर ती सावरतात. वर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले की ओल जास्त वेळ राहते. हिरवी जाळी फक्त दुपारच्या उन्हासाठी असावी. दिवसभर अंधारात माठ लांबुडका आणि बेचव होतो.

पानांच्या मागे मावा दिसला तर आधी पाण्याची जोरदार धार मारून पाहावी. कमी पडली, तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणपाणी मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. फवारल्यावर चार-पाच दिवस पाने खुडू नयेत आणि खुडल्यावर नीट धुवावीत.