चार इयत्ता, एक गुरुजी

पेठ वडगाव म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आठवते आणि आसपासच्या शेतकऱ्याला आठवडी बाजार. आम्हाला मात्र काही वर्षांपासून वडगावच्या नावाबरोबर एक लहानशी शाळा आठवते. वडगावच्या पलीकडे, वारणेच्या अंगाला असलेल्या एका वाडीत आम्ही एका आजारी माणसाच्या भेटीस गेलो होतो. परतताना आषाढातल्या पावसाने गाठले आणि आम्ही शाळेच्या पडवीत शिरलो. आत एकच खोली, एकच फळा आणि एकच गुरुजी. पहिली भिंतीलगत, दुसरी खिडकीखाली, तिसरी आणि चौथी पाठीला पाठ लावून बसलेली. गुरुजी पहिलीला अक्षर गिरवून देत तोवर चौथीचा गलका वाढे. चौथीकडे वळत तोवर पहिलीतले एखादे पोर दप्तर उचलून दाराशी येई. पाऊस तासभर थांबला नाही. त्या तासात एकूण सतरा मुलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला गुरुजी किती आले असतील, याचा हिशेब आम्ही मनाशी मांडू लागलो आणि तो हिशेब आम्हाला आवडला नाही.

शाळा काढणे ही एक गोष्ट आहे, आणि त्या शाळेत जो शिकवतो त्याच्या हाताला हात देणे ही निराळी गोष्ट आहे. पहिल्या गोष्टीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. करवीरकरांना तर तो अधिकार आहेच. दुसऱ्या गोष्टीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. वस्तुतः तोही पुष्कळ अंशी याच मातीतला आहे, आणि तो वाचकांपुढे थोडक्यात मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ पंतोजीपासून केला पाहिजे. इंग्रजी अंमलापूर्वीची आपली गावठी शाळा कुणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात भरे. धूळपाटीवर धुळाक्षरे, मग बोरू आणि मोडी, तोंडाने पाढे, पावकी, निमकी, अडीचकी. इयत्ता नावाची वस्तूच तेथे नव्हती. पंतोजी एक, मुले लहानमोठी, आणि ज्या मुलाला जे येते ते त्याने खालच्याला सांगायचे, हा तिथला रिवाज. मोठा मुलगा पाढे म्हणे, बाकीचे मागून ओरडत. या शाळेत छडी फार होती आणि विचाराला वाव कमी होता. शिवाय गावातल्या कितीतरी मुलांना आणि जवळजवळ सर्व मुलींना तिचे दार बंद होते. तिचे गोडवे गाण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. परंतु एक गोष्ट तिने नकळत सोडवली होती : शिकवणारा एकटा असला तरी शिकवण्याचे काम एकट्याचे नव्हते.

ही गोष्ट एका परक्या माणसाच्या लक्षात आली. मद्रासेत एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी एका गावठी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली. आपल्या शाळेतील पगारी शिक्षक ही रीत उचलीनात, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलाकडे तळच्या वर्गाची अक्षरओळख सोपवली. प्रयोग साधला. १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये त्याचा वृत्तांत छापला आणि पुढे इंग्लंडभर ‘मद्रास पद्धती’चा बोलबाला झाला. जोसेफ लँकेस्टर यांनी १७९८ पासून लंडनमध्ये त्याच धर्तीची शाळा चालवली. पण विलायतेत या रीतीचे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. एका शिक्षकाच्या खर्चात शेकडो मुले शिकून निघतात, एवढेच लोकांनी त्यातून उचलले. शिट्टी, हुकूम, रांगा आणि घोकंपट्टी यांचे ते एक यंत्र होऊन बसले. मुलाने मुलाला शिकवण्यात जी जवळीक होती ती गेली आणि स्वस्ताई तेवढी उरली. स्वस्ताईच्या मोहाने चांगली शैक्षणिक कल्पना बिघडल्याचे हे पहिले उदाहरण नव्हे, आणि शेवटचे तर मुळीच नव्हे.

त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधीची एक हकीकत आम्ही सेमिनरीत असताना ऐकली होती. तिचा अर्थ आम्हाला त्या पडवीत उभे असताना कळला असे म्हटले तरी चालेल. फ्रान्समधील रीम्स या शहरात संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनी १६८०च्या सुमारास शिक्षक बंधूंचा संघ उभारला. सबंध वर्गाला एकाच वेळी एकच पाठ देण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत या बंधूंनी आपल्या शाळांतून पक्की केली. त्यांची कीर्ती ऐकून खेड्यापाड्यांतले धर्मगुरू मागणी करू लागले की आमच्या गावाला एक बंधू द्या. ला साल यांनी नकार दिला. एकट्या बंधूला कोठेही पाठवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. मात्र नकार देऊन ते थांबले नाहीत. खेड्यात एकट्यानेच काम करावे लागणाऱ्या गृहस्थाश्रमी शिक्षकांसाठी त्यांनी रीम्स येथे एक निराळे प्रशिक्षणालय काढले. एकट्या शिक्षकाची तयारी निराळी असली पाहिजे, हे तीनशे वर्षांपूर्वी ज्याने ओळखले त्या संताला १९५० साली पोप पायस बारावे यांनी शिक्षकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. मागणी करणारे ते खेड्यातले धर्मगुरू आमचेच भाऊबंद. त्यांची अडचण आम्हाला चांगली ओळखीची वाटते.

आता करवीराकडे वळू. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले आणि त्यांनी शाळा काढल्या. पुढे वडगावच्या पश्चिमेस कोडोली येथेही आमच्या प्रेसबिटेरियन बंधूंचे काम उभे राहिले. परंतु गावोगावच्या रयतेच्या मुलाला शाळेत आणण्याचा खरा उद्योग केला तो राजर्षी शाहू छत्रपतींनी. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. वसतिगृहाकडे आपण भोजन-निवासाची सोय म्हणून पाहतो. पण खेड्यातून आलेल्या मुलाला वरच्या इयत्तेतला कोणी सोबती अडलेले गणित सांगायला मिळाला तो तिथेच. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढच्या वर्षी चिखली येथून या योजनेतील शाळा सुरू झाल्या. नामदार गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक कलकत्त्यात नामंजूर होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. बडोद्याच्या सयाजीरावांचा मार्ग आधीचा असला, तरी करवीरासारख्या लहान संस्थानाने हे धाडस करावे ही सामान्य गोष्ट नव्हती.

मुले आली. आणि मग देशभर जे घडत होते ते सर्वांना दिसू लागले. १९२९ सालच्या हारटोग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राथमिक शाळांचा हिशेब मांडला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या शंभर मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत अवघी अठरा उरली होती. गरिबी, शेतीची कामे, रोगराई ही कारणे होतीच. पण समितीने एकशिक्षकी शाळांवरही बोट ठेवले. एक शिक्षक अनेक इयत्तांना न्याय देऊ शकत नाही, सबब शाळांची संख्या वाढवण्यापेक्षा असलेल्या सुधाराव्यात, असा समितीचा कल होता. वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते. पण ज्या वाडीत शाळाच नाही तेथल्या मुलाने या सुधारणेची वाट किती वर्षे पाहायची, याचे उत्तर त्यात नव्हते.

या प्रश्नाला आमच्या परिसरातून दोन उत्तरे आली. पहिले उत्तर देणारा माणूस याच हातकणंगले तालुक्यातला. वडगावहून पूर्वेला, बाहुबलीच्या डोंगराजवळ कुंभोज आहे. तेथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून ते पुढे साताऱ्यास गेले, ही कथा सर्वश्रुत आहे. आम्ही येथे लक्ष वेधतो ते त्यांच्या कामाच्या क्रमाकडे. १९३५ साली त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, आणि त्यानंतर १९३८ पासून खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा काढायला घेतल्या. त्यांची संख्या पुढे पाचशेवर गेली. आधी शिक्षक, मग शाळा. तोही असा शिक्षक, जो स्वतः खेड्यातला, वसतिगृहात स्वयंपाक आणि शेतकाम करून शिकलेला. ज्याला वाडीत राहणे ही शिक्षा वाटत नव्हती. कर्मवीरांना शिक्षणशास्त्राची परिभाषा फारशी प्रिय नसावी. परंतु शिक्षकाला एकटेपणा सोसण्याचे बळ कशाने येते हे त्यांना नेमके ठाऊक होते.

दुसरे उत्तर देणारे जयंत पांडुरंग ऊर्फ जे. पी. नाईक. यांचे नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांबाहेर आज फारसे ऐकू येत नाही, याची आम्हाला खंत वाटते. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी हे त्यांचे जन्मगाव, वर्ष १९०७. १९४७ साली गारगोटी येथे त्यांनी मौनी विद्यापीठ उभारले. पुढे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव झाले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम म्हणजे १९५३ साली प्रसिद्ध झालेले एकशिक्षकी शाळेवरील छोटे पुस्तक. ही शाळा एक तात्पुरती व्याधी आहे, ती यथाकाळ बरी होईल, असे सगळे धरून चालले होते. नाईकांनी हे गृहीतच नाकारले. लहान वस्त्या आहेत तोवर अशा शाळा राहणार. तेव्हा त्यांची कीव करण्याऐवजी एकाच वेळी अनेक वर्ग सांभाळण्याचे तंत्र नीट घडवावे आणि शिक्षकाला तेच शिकवावे, असा त्यांचा रोख होता.

वाचकहो, या म्हणण्यातले मर्म ध्यानी घ्यावे. आपली प्रशिक्षण विद्यालये शिक्षकाला एका वर्गापुढे उभे राहून एक पाठ घ्यायला शिकवत. पाठाचे टाचण, प्रस्तावना, हेतुकथन, सर्व काही एका इयत्तेचे. तो तरुण पदविका घेऊन वाडीवर जाई, तेथे चार इयत्ता एका खोलीत त्याची वाट पाहत असत. त्याला जे शिकवले ते तेथे लागू पडत नव्हते, आणि जे लागू पडले असते ते त्याला कोणी शिकवले नव्हते. कोणत्या वर्गाला स्वाध्याय द्यायचा, कोणत्या दोन वर्गांना एकत्र बसवायचे, मोठ्या मुलांकडून लहानांचे वाचन कसे करवून घ्यायचे, हा सारा कसबाचा भाग होता. पंतोजीपाशी हे कसब ओबडधोबड रूपात होते. आपण पंतोजीला निरोप देताना त्याचे कसबही निरोपात देऊन टाकले.

कोठारी आयोगाने आणखी एक कल्पना मांडली, ती शाळासमूहाची. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी एकमेकींना धरून राहावे, शिक्षकांनी एकत्र बसावे, साधने वाटून घ्यावीत. महाराष्ट्रात पुढे केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि शिक्षकांच्या शिक्षण परिषदा आल्या त्यांचे मूळ या विचारात दिसते. जेथे केंद्रप्रमुख जातिवंत शिक्षक असतो तेथे परिषदेत मुलांच्या चुकांवर बोलणे होते. जेथे तसा नसतो तेथे माहितीचे तक्ते गोळा होतात. दुसऱ्या प्रकारच्या परिषदेहून परतलेले शिक्षक आम्ही अधिक पाहिले आहेत.

१९८७ साली खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत असे तिने ठरवले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक बंधनकारक केले. ला साल यांचा दंडक कायद्यात यायला तीनशेवर वर्षे लागली म्हणावयाचे! तथापि दोन शिक्षक आले तरी इयत्ता चारच राहिल्या, त्यामुळे नाईकांचा प्रश्न जागेवरच आहे. शिवाय दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला, जनगणनेला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसरा पुन्हा एकटा. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. नाव कोठारी आयोगाच्या कल्पनेसारखे. आशय मात्र निराळा. आयोगाच्या समूहात वाडीची शाळा टिकून तिला शेजार मिळणार होता. या समूहात ती मिटून मुलांना बसने न्यायचे आहे. पट फारच घसरलेल्या ठिकाणी यावाचून इलाज नसेलही. पण पहिलीतल्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून बसपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न आम्हाला कागदावरच्या बचतीहून मोठा वाटतो.

शिकवण्याचा पोत सुधारता येतो याचा दाखला कोल्हापूर शहरातच आहे. लीलाताई पाटील यांनी अध्यापक महाविद्यालयांतील दीर्घ सेवेनंतर १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मराठी माध्यम, परिसरातून शिकणे, मुलाच्या प्रश्नाला मान. इंग्रजी माध्यमाकडे रीघ लागलेल्या काळात त्यांनी हे चालवून दाखवले. विद्यापीठीय शिक्षणाबद्दल येथे विस्तार करीत नाही. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झाल्याने वाडीतला मुलगा पदवीपर्यंत पोचू लागला, आणि शंभर जणांच्या वर्गात त्याला जो परकेपणा येतो तो त्या पडवीतल्या पहिलीच्या पोराहून फार वेगळा नसतो, इतकेच नोंदवतो.

त्या दिवशी पाऊस ओसरल्यावर आम्ही गुरुजींचा निरोप घेतला. पुढच्या खेपेला येताना काही आणू काय, खडू, वह्या, नकाशे, असे विचारले. गुरुजी म्हणाले, ‘‘खडू आहेत, फादर. तुम्हाला तासभर बसायला सवड असली तर तिसरीत बसा. तेवढ्यात मी पहिलीचं वाचन घेतो.’’

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. तिसरीत पाच मुले होती. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून हातचा घ्यायचा, असे आम्ही आमच्या बालपणीच्या थाटात सांगू लागलो. पाचही चेहरे कोरे. मग चौथीतली एक मुलगी पाठ वळवून आमच्याकडे बघत म्हणाली, ‘‘हातचा न्हाई फादर, दशक सुटा करायचा असतोय,’’ आणि काड्यांचा एक गठ्ठा सोडून ती तिसरीच्या मुलांत येऊन बसली. आम्हीही तिच्या शेजारी सरकून बसलो. भिंतीलगत गुरुजींची पहिली वाचत होती.