सातव्या काडतुसाची तक्रार

माझे मामू फौजेत होते. रिटायर होऊन इचलकरंजीला परतले तेव्हा मी शाळेत होतो. लढाईच्या गोष्टी सांगा म्हटले की ते हसून विषय बदलायचे, पण रायफलीचे नाव काढले की तासभर बोलत. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळेत मराठी. मामूंच्या रायफलीची भाषा मात्र फौजी हिंदी. त्यांची रायफल म्हणजे एसएलआर. मूळ बनावट बेल्जियमची, आपल्याकडे १९६० च्या दशकात इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली.

एसएलआर म्हणजे स्वतःच पुढचे काडतूस भरणारी रायफल. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी भरायला हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागत नाही. मामू सांगत, नवी रायफल हाती आली की तिचा गॅस जुळवून घ्यावा लागे. नळीवरच्या एका कडीने गॅस कमी-जास्त करता येतो. आधी इतका गॅस बाहेर सोडायचा की रायफल अडखळलीच पाहिजे. मग एकेक खाच फिरवत यायचे. पुंगळी नीट बाहेर पडू लागली की आणखी दोन खाचा पुढे. या दोन खाचा धुळीसाठी, थंडीसाठी, काजळीसाठी. "बेटा, रायफल अडली तर शिव्या नको देऊ. पुंगळी कुठं अडकली ते बघ," असे ते म्हणत. शिव्या न देण्याचा नियम ते स्वतः फक्त रायफलीपुरता पाळत, ही गोष्ट वेगळी.

पुंगळी कुठे अडकली ते बघण्याऐवजी शिव्या देण्यात किती वेळ जातो, याचा एक किस्सा मला पुढे अमेरिकेच्या इतिहासात सापडला. तो जॉन गॅरंडच्या रायफलीचा.

आधी या यंत्राचे काम थोडक्यात सांगतो. गोळी सुटली की मागचा तापलेला गॅस नळीतून पुढे धावतो. त्यातला थोडा गॅस वळवून एका दांड्यावर आदळवायचा. दांडा मागे जाताना बोल्ट फिरवून कुलूप उघडतो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, घोडा ताणतो. मागे दबलेली स्प्रिंग मग बोल्टला पुढे ढकलते. तो जाता जाता नवे काडतूस नळीत सरकवतो आणि पुन्हा कुलूप लावतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते. गॅस कमी पडला तर बोल्ट अर्ध्यातून परततो, पुंगळी तोंडातच अडकते. जास्त झाला तर बोल्ट इतक्या जोरात मागे जातो की भाग तुटतात, कधी पुंगळीची कडच फाटते. म्हणजे दर वेळी ठरावीक ताकद हवी. कारखान्यात घासूनपुसून ठेवलेल्या नमुन्यात ती साधणे फारसे कठीण नाही. हजारो रायफलींत, हजारो हातांत, चिखलात साधणे कठीण.

मेक्सिकोच्या माँद्रागोन या अधिकाऱ्याची अशी रायफल १९०८ मध्येच त्यांच्या सैन्याने स्वीकारली होती. ती स्वित्झर्लंडमध्ये बनली. पण काडतूस जरा हलके निघाले की अडायची, माती लागली की अडायची. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी ती खंदकातल्या शिपायांऐवजी विमानातल्या लोकांना दिली, कारण वर आकाशात निदान चिखल नव्हता.

गॅरंडचा जन्म १८८८ चा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, शेतकऱ्याच्या घरी. मातृभाषा फ्रेंच, मूळ नाव जाँ. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आले. पोरगा एका कापड गिरणीत झाडू मारायला लागला आणि तिथेच यंत्रांकडे बघत बघत यंत्रकारागीर झाला. आमच्या गावात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या कुणालाही हा मुलगा ओळखीचा वाटेल. १९१९ मध्ये तो मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्रशाळेत आला आणि १९५३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला.

सतरा वर्षे तो एकाच रायफलीमागे होता. मधे एकदा सगळे काम जवळजवळ पूर्ण झाले असताना वरून आदेश आला. गॅरंडचा नमुना .२७६ इंची लहान काडतुसाचा होता, त्यात दहा गोळ्या मावत. १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी सांगितले, काडतूस जुने .३० इंचीच राहील, कारण त्याचे साठे पडून आहेत. गॅरंडने रायफल पुन्हा बेतली. दहाच्या आठ गोळ्या झाल्या. जानेवारी १९३६ मध्ये ती 'एम वन' या नावाने सैन्यात दाखल झाली. स्वतः भरणारी रायफल आपल्या सगळ्या पायदळाला द्यायचे ठरवणारा अमेरिका हा पहिलाच मोठा देश.

यंत्रांवर उत्पादन १९३७ च्या सप्टेंबरात सुरू झाले. दिवसाला दहा रायफली. आणि तक्रारी येऊ लागल्या.

पहिली तक्रार गॅसचीच. त्या काळी शस्त्रशास्त्राच्या जाणकारांना नळीला भोक पाडायची धास्ती होती. भोक पडले की नळी लवकर झिजेल, नेम बिघडेल, असे मानत. म्हणून गॅरंडने भोक टाळले. नळीच्या तोंडापुढे एक टोपण बसवले. गोळी नळीतून बाहेर पडून टोपणातून जाते, तेवढ्या क्षणात मागचा गॅस तिथे कोंडला जातो आणि खालच्या नळकांड्यात वळतो. कागदावर छान. प्रत्यक्षात त्या सापळ्यात काजळी दगडासारखी धरायची आणि साफ करायला हात पोचायचा नाही. सगळी जोडणी पुढच्या टोकाला अडकवलेली, त्यामुळे ती डुगडुगायची. संगीन लावून जोर दिला की आणखीच. दृष्टीची माशीही त्याच जोडणीवर, म्हणजे ती हलली की नेम गेला.

गंमत म्हणजे जर्मनीत हीच चूक नंतर झाली. तिथल्या अधिकाऱ्यांनी अट घातली की नळीला भोक पाडायचे नाही. त्यातून १९४१ ची जी रायफल निघाली तिलाही पुढे सापळा होता, तीही जड आणि काजळीने बेजार. शेवटी रशियन तोकारेव्ह रायफली हाती लागल्या, त्यांत नळीला सरळ भोक होते आणि त्या चालत होत्या. १९४३ मध्ये जर्मनांनी तेच उचलले. गॅरंडने आपला सापळा त्याच्या तीन वर्षे आधीच काढून टाकला होता. तोंडापासून थोडे मागे, नळीच्या खालच्या अंगाला छोटे भोक. १९४० पासून नव्या रायफली तशाच निघू लागल्या आणि जुन्या परत मागवून बदलल्या. नळी काही झिजली नाही.

दुसरी तक्रार विचित्र होती. मला तीच जास्त आवडते.

रायफल आठ गोळ्यांची. आठही एका पत्र्याच्या क्लिपमध्ये, क्लिपसकट वरून आत दाबायच्या. नेमबाज सांगू लागले की सातवी गोळी अडते. पहिली नाही, तिसरी नाही. सहा सुटतात, सातवी नळीत शिरताना नाक वर करते आणि बोल्ट तिच्यावर अडकून बसतो. प्रत्येक रायफलीत नाही, प्रत्येक वेळी नाही, पण अडली तर बहुधा सातवीच.

अशी तक्रार ऐकून कुठल्याही साहेबाच्या मनात पहिला विचार काय येईल? वापरणाऱ्याचीच चूक. क्लिप नीट भरली नसेल, तेल दिले नसेल, हात लागला असेल. आमच्याकडे मागाचे शटल अडकले की मालक आधी कारागिराच्या नावाने ओरडतो. धोटा झिजला आहे का, हे दोन दिवसांनी बघतो. मी एकदा अशाच एका कारखान्यात हिशेब लिहायला होतो. एका मागावर कापडाला एकाच जागी दोष येत होता. तीन माणसे बदलली, दोष तिथेच. चौथ्या माणसाने मागाखाली वाकून पाहिले तर एक बोल्ट ढिला होता. तिघांचा कापलेला पगार मात्र परत मिळाला नाही. ती वही मीच लिहीत होतो.

पण ठरावीक आकडा ही मोठी मदत असते. माणसाची चूक कधी दुसऱ्या गोळीला होईल, कधी पाचव्या. सातव्यालाच होणार नाही. सातवी म्हणजे क्लिपमध्ये दोनच शिल्लक. खाली गोळ्यांची थप्पी असते तोवर वरची गोळी नीट दबून राहते. दोनच उरल्या की तिला सरळ रेषेत धरायचे काम रिसीव्हरच्या आतल्या एका बारीक धातूच्या धारेवर येते. शोध घेतला तेव्हा कळले की टूलरूममध्ये हाताने बनवलेल्या मूळ नमुन्यांत ही धार पुरी होती. मोठ्या उत्पादनासाठी यंत्रे आणि हत्यारे बसवताना कुणाच्या तरी लक्षात आले, की इथे कटर मधेच थांबवण्यापेक्षा सरळ आरपार चालवला तर काम सोपे होते. तेवढ्याने धारेचा एक तुकडा कापला जात होता. नखाएवढाही नसेल. नकाशा वाचून तो तुकडा तिथे कशासाठी आहे हे कळत नव्हते, आणि ज्याला ठाऊक होते त्याला विचारले गेले नाही.

म्हणजे गॅरंडची रायफल चांगली होती आणि कारखान्यात बनलेली रायफल तंतोतंत गॅरंडची नव्हती. बनून गेलेल्या रिसीव्हरवर तेवढ्या जागी वेल्डिंगने धातू भरून पुन्हा धार काढली. पुढच्या उत्पादनात कटर जिथे थांबायला हवा तिथे थांबू लागला. सातव्या गोळीची तक्रार संपली.

१९४० मध्ये प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेले. मेल्विन जॉन्सन नावाच्या प्रतिस्पर्ध्याची रायफल बाजारात होती, त्याचे पाठीराखे बोलके होते आणि वर्तमानपत्रांना मसाला हवा होता. त्या वर्षाअखेरीस मरीन कोअरने सॅन डिएगोला चार रायफली समोरासमोर तपासल्या. चिखलाच्या कसोटीत जुनी हाताने बोल्ट ओढायची रायफल वरचढ ठरली. त्यात आश्चर्य नाही. अडकलेला बोल्ट माणूस लाथ मारूनही उघडू शकतो, गॅस लाथ मारत नाही. तरीही मरीन्सनी १९४१ मध्ये गॅरंडच घेतली, कारण तेवढ्याच वेळात ती कितीतरी जास्त गोळ्या सोडत होती.

१९४२ च्या सुरुवातीला फिलिपिन्सच्या बताआनमध्ये ती खऱ्या लढाईत उतरली. धुळीत आणि खंदकात ती न अडता चालल्याचे मॅकआर्थर यांनी कळवले. पण परीक्षा संपली नव्हती. मुसळधार पावसात बोल्टवरचे तेल धुऊन जायचे आणि कोरडा धातू धातूला धरून बसायचा. इलाज साधा निघाला: पाण्याने न धुपणारे ग्रीस, आणि ते ठेवायला इवलीशी डबी. डबी दस्त्याच्या पोकळीत बसते.

हे सगळे वाचताना मला सारखी व्हिएतनामची एम सिक्स्टीन आठवत होती. तिथेही नमुना चालला होता आणि सैनिकाच्या हातातली रायफल अडत होती. रायफल जिच्यावर बेतली होती ती दारू बदलून काडतुसात दुसरी भरली गेली. तिने रायफलीचा वेग वाढला, काजळीही वाढली. नळीच्या मागच्या खोलगट भागाला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत गंज धरून पुंगळी तिथेच चिकटायची. वर, हिला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरलेला, आणि साफ करायचे सामानही पुरेसे पोचलेले नाही. १९६६-६७ मध्ये सैनिक मेले ते अडकलेली पुंगळी काढायला नळीत गज घालता घालता. तेव्हाही पहिले उत्तर तेच होते: शिपाई रायफल साफ ठेवत नाहीत. सैनिकांनी घरी पत्रे लिहिली, पत्रे खासदारांकडे गेली, आणि १९६७ मध्ये काँग्रेसच्या आयकॉर्ड समितीने दोष दारूच्या बदलाकडे आणि सैन्याच्या कारभाराकडे दाखवला. मग क्रोम आले, सामान आले, आणि विल आइस्नर या चित्रकाराने काढलेली चित्रमय पुस्तिकाही आली.

गॅरंडच्या वेळी तक्रार करणारे बहुतेक शांततेतले नेमबाज होते, लक्ष्य कागदाचे होते. सातवी गोळी अडली तर गुण जायचे, जीव नाही. तीन वर्षांची ही सवड मिळाली नसती तर तोच तुकडा बताआनमध्ये सापडला असता, कदाचित सापडलाही नसता.

गॅरंडने पेटंटचे हक्क सरकारला देऊन टाकले होते. चाळीस लाखांहून जास्त रायफली महायुद्ध संपेपर्यंत बनल्या, त्याला एका रायफलीमागे एक पैसाही मिळाला नाही. एक लाख डॉलर बक्षीस द्यावे असे विधेयक काँग्रेसमध्ये आले होते, ते मंजूर झाले नाही. १९७४ मध्ये तो स्प्रिंगफील्डमध्येच वारला.

परत मागवून दुरुस्त केल्यामुळे पुढच्या सापळ्यासकट मूळ अवस्थेतल्या रायफली आज फारच थोड्या उरल्या आहेत. संग्राहक त्यांना साध्या गॅरंडपेक्षा कितीतरी जास्त किंमत मोजतात. विकत घेण्याआधी ते रिसीव्हरच्या आत बॅटरी मारून वेल्डिंगची खूण शोधतात.