तारुण्याच्या जाहिराती आणि आपला कायदा



आपल्या स्मरणिकेच्या छपाईचा खर्च जाहिरातींवर निघतो, हे सर्वांस ठाऊक आहेच. किराणा, कापड, भांडी यांच्या जाहिराती दरवर्षी येतात. यंदा तोंडास लावावयाच्या एका क्रीमची पानभर जाहिरात आली. 'एकवीस दिवसांत सुरकुत्या नाहीशा, वय दहा वर्षे मागे', असा तिचा मजकूर. पैसे रोख मिळणार होते. शिवाय त्या क्रीमची एजन्सी आपल्याच एका भगिनीकडे. शिवणकामावर मुलाची फी भागेना म्हणून तिने ती घेतलेली. बैठकीत पुष्कळ चर्चा झाली, थोडी कुरबुरही झाली. तेव्हा अशा जाहिरातींच्या बाबतीत आजवर काय काय घडले ते लिहून काढावे, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले.

तरुण दिसण्याची हौस काही आजची नव्हे. आपल्या आज्या साय लावीत, मसुराचे पीठ लावीत, हळद लावीत. ते सारे घरचे होते, त्याला जाहिरात नव्हती. विकतची डबी घरात आली ती 'स्नो'च्या रूपाने. मुंबईच्या ई. एस. पटनवाला यांचा अफगाण स्नो तर स्वातंत्र्याच्या आधीपासून प्रसिद्ध. अशा स्नो-क्रीममध्ये पाणी, मेणासारखा स्निग्ध पदार्थ आणि ग्लिसरीन असते. कातडीचा वरचा थर ओलावा धरतो, किंचित फुगतो, आणि बारीक रेघा उथळ दिसू लागतात. तोंड धुतले, दुपार झाली, की रेघा पुन्हा जागेवर. यात लबाडी मुळीच नाही. 'दिसते' या शब्दाच्या जागी 'होते' हा शब्द आला, की लबाडी सुरू झाली.

आपले गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली संसदेने औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. औषधाच्या गुणाबद्दल खोटी समजूत करून देणारी जाहिरात गुन्हा ठरली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. ताईत आणि मंतरलेल्या वस्तूही त्यात आल्या. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९५९ च्या डिसेंबरात न्यायालयाने काही कलमे रद्द केली, परंतु असल्या जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचा आसरा घेता येणार नाही, हेही बजावले.

पण हा कायदा औषधांचा. क्रीमचे काय? १९४० च्या औषध कायद्यात १९६२ साली दुरुस्ती होऊन सौंदर्यप्रसाधने आली. प्रसाधनाची व्याख्या अशी की, जे शरीरास चोळावे, ओतावे, शिंपडावे. ज्याने स्वच्छता व्हावी, शोभा वाढावी, रूप बदलावे. म्हणजे सरकारनेही 'दिसण्या'पाशीच रेघ ओढली. रेघ ओढली खरी, पण तिच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हा तंटा पुढे कित्येक वर्षे चालला.

तो तंटा आपल्या मराठी माणसाच्या कारखान्याचाच आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईस परळ येथे विकोची सुरुवात केली, प्रथम दंतमंजनाने. हळदीचे क्रीम आले १९७५ साली, आणि हे प्रसाधन नव्हे, असे त्याच्या जाहिरातीतच सांगितलेले. अबकारी खात्याचे म्हणणे पडले की, हे प्रसाधनच. प्रसाधनाचा कर भरा. कोर्टाची पायरी एकदा चढली ती चढली. शेवटी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात विकोचे म्हणणे टिकले, क्रीम आयुर्वेदिक औषधात गेले. कंपनीने आपले म्हणणे पहिल्यापासून उघड मांडले होते, त्यात लपवाछपवी नव्हती. मात्र हा निकाल कराचा होता. आपल्या आरशापुढच्या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधू नये.

इतर विक्रेत्यांनी या रेघेचा फायदा घेतला तो निराळ्या तऱ्हेने. दावा करताना औषधाची भाषा, पुरावा मागितला की 'हे तर साधे प्रसाधन'. ही पळवाट सरकारच्याही ध्यानात आली असावी, कारण २०२० साली १९५४ च्या कायद्याच्या दुरुस्तीचा जो मसुदा काढला, त्यात गोरेपणा आणि अकाली वार्धक्य यांचीही नावे होती. त्याच वर्षी १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून टाकला. २०१९ च्या ग्राहक कायद्याने फसव्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत दंड ठेवला, पुन्हा केल्यास पन्नास लाख. जाहिरातीत झळकणाऱ्या नटनट्याही त्यातून सुटत नाहीत.

आता अकोल्याची गोष्ट. आपल्या पूर्णेहून गाडीत बसले की हिंगोली, वाशीम करीत अकोला. तिथल्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने स्थानिक ब्यूटीशियनकडून गोरेपणाचे क्रीम घेतले. चेहरा उजळला, म्हणून आईने लावले, बहिणीनेही लावले. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांस विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी क्रीम तपासविले, तेव्हा त्यात पारा निघाला. हे २०२३ च्या आरंभी वर्तमानपत्रांत आले होते. पारा कातडीतला काळा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा मूत्रपिंडात जातो. घरातल्या तान्ह्या मुलास आईच्या हाताचाही संसर्ग पोचतो. डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडल्यास दहा लाख भागांत एक भागाहून अधिक पारा असू नये, तोही मुद्दाम घातलेला नव्हे, असा आपल्याकडे नियम आहे. पाऱ्याची क्रीमे गोरेपणाच्या नावाने विकली जातात, तशीच वय लपविण्याच्या नावानेही विकली जातात, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानेही दिलेला आहे.

हे बैठकीत वाचून दाखविले तेव्हा एजन्सीवाली भगिनी उठून घरी गेली. आम्हांस वाटले, रागावली. अर्ध्या तासाने ती डबी घेऊनच परत आली. आम्ही चष्मे लावून वेष्टन पाहिले. कारखानदाराचे नाव व पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे, आत काय काय आहे, एवढे प्रसाधनावर छापणे सामान्यतः बंधनकारक आहे. त्या डबीवर एका सुंदर बाईचे चित्र होते, आणि किंमत होती.

जाहिरात परत केली. कोषाध्यक्षाबाईंची नाराजी अजून गेलेली नाही, आणि त्यांचेही बरोबर आहे, पानाचे पैसे गेले. तूट सभासदांच्या वर्गणीतून भरली. त्या भगिनीच्या घरी अजून बावीस डब्या पडून आहेत. पुरवठा करणारा त्या परत घेईना. त्याच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावयाची की कसे, हा विषय पुढील बैठकीपुढे ठेवला आहे.