सरड्याचे बदलते रंग

बीड जिल्ह्यातील चकलांबा (ता. गेवराई) परिसरात शेताच्या बांधावर दिसणारा सामान्य सरडा आणि शहरी घरांत काचेच्या पेटीत पाळला जाणारा ऑस्ट्रेलियातील 'बिअर्डेड ड्रॅगन' हे दोघेही 'अगामिडी' या एकाच कुळातील. सरडा केवळ लपण्यासाठी रंग बदलतो, हा समज अपुरा आहे. त्वचेच्या पेशींतील मेलॅनिनचे कण पसरले की अंग गडद होते, एकवटले की फिकट. सकाळच्या गारव्यात गडद अंग ऊन लवकर शोषून घेते.

विणीच्या हंगामात बांधावरच्या नराचे डोके व गळा लालभडक होतो. त्यावरून त्यास 'रक्तपिपासू' ठरवून मारले जाते. वस्तुतः तो बिनविषारी असून प्रामुख्याने कीटक खातो. त्याला मारण्यात शेतकऱ्याचेच नुकसान आहे.

पाळीव ड्रॅगनच्या पोटावर व पायांवर गडद, लांबट ठिपके वा रेषा उमटल्यास ती सहसा ताणाची खूण समजावी. नवी जागा, वारंवार हाताळणी, काचेतील स्वतःचे प्रतिबिंब, शेजारी दुसरा सरडा किंवा अपुरी ऊब ही त्याची नेहमीची कारणे. पेटीत ऊन खाण्याची जागा सुमारे ३८ ते ४२ अंश सेल्सिअस असावी. दुसरी बाजू थंड ठेवावी. कात टाकण्यापूर्वी रंग निस्तेज होणे स्वाभाविक आहे. मात्र खुणा वा काळी पडलेली दाढी अनेक दिवस टिकली आणि प्राण्याने खाणे सोडले, तर पशुवैद्यकास दाखवण्यात विलंब करू नये.