चवन्नी गेली, हिशोब राहिला

औरंगजेब बादशहाचे निधन ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला झाले. आमच्या भिंगारजवळचे आलमगीर हे ठिकाण आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्याचा म्हणून जो वसियतनामा सांगितला जातो, त्यात एक कलम आहे. टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांतून आपल्या कफनाचा खर्च भागवावा, असे ते कलम. वसियतनामा अस्सल की नंतरचा, हा वाद इतिहासकारांचा. आमचे लक्ष जाते ते त्या दोन आण्यांकडे. हिंदुस्थानच्या बादशहाच्या तोंडीही ते सोडून देण्याजोगे वाटले नाहीत.

इंग्रजी अमदानीत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा हिशोब होता. म्हणजे रुपयात १९२ पै. श्रीमंताचा व्यवहार वरच्या पायरीवर चाले, गरिबाचा खालच्या. ‘पै पै जमवली’, ‘सोळा आणे खरे’, ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ असे आपण अजूनही बोलतो. नाणी गेली, पण जिभेवरून उतरली नाहीत.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. यामुळे शाळेतले गणित सोपे झाले, हे आम्ही शिक्षक कसे नाकारणार? पण खरी अडचण जुन्याचे नवे करताना आली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वा पैशाचे नाणे कुठून आणणार? म्हणून नियम असा झाला की, अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा आणि अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण धरायचा. त्यामुळे आण्याचे सहा नवे पैसे झाले आणि गिऱ्हाइकाचा पाव पैसा वाचला. मात्र जुन्या एका पैशाचे होत होते दीडहून थोडे जास्त, त्याचे धरले गेले दोन.

आता हिशोब मांडून पाहू. चार पैशांचा जिन्नस एकदम घेणाऱ्याने सहा नवे पैसे दिले. तोच जिन्नस पैसा पैसा करून चार वेळा नेणाऱ्याने आठ दिले. नियम दोघांना एकच होता, नियतही वाईट नव्हती. तरी ज्याच्या हाती एका वेळी एकच पैसा असे, त्याला तीच वस्तू एक तृतीयांशाने महाग पडली.

१ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळाला. पुढे एक, दोन, तीन पैसेही हळूहळू बाजारातून दिसेनासे झाले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी कायद्याने बंद झाली. आदल्या दिवसापर्यंत ती बँकेत बदलून मिळत होती. पण महागाईने चवन्नीत काही येईनासे केले होते आणि ती पाडण्याचा खर्चही परवडेना. नाणे आधी बाजारात मरते, सरकार नंतर त्याचा दाखला देते.

आठ आण्यांचे नाणे तर आजही कायद्याने चालू आहे. दुकानात देऊन पाहा! सुट्ट्यांऐवजी आपल्या हातावर गोळी ठेवतात, पण तीच गोळी पैसे म्हणून दुकानदार परत घेत नाही. मोबाइलवरून दहा रुपये पंच्याहत्तर पैसेही पाठवता येतात हे खरे, पण तो भाव सांगतो कोण? समजा साखर त्रेचाळीस रुपये किलो आहे. पाव किलोचे होतात पावणेअकरा, घेतले जातात अकरा. पाच किलो एकदम नेणारा २१५ रुपये देतो, पाव पाव किलो वीस वेळा नेणारा २२०. १९५७ चेच गणित, फक्त आकडे मोठे.

नाणी कायमची ठेवावीत, असे आमचे म्हणणे नाही. पण हिशोब गोल करताना तो कोणाच्या खिशातून गोल होतो, हे विचारायला हवे. आपल्याकडे रमजानचा फित्रा नाण्यात नव्हे, धान्यात आणि खजुरात ठरलेला आहे. हनफी मसलकात गव्हाचा अर्धा साअ. दरवर्षी बाजारभाव पाहून त्याची रक्कम जाहीर होते. दिरहम गेले, आणे गेले, चवन्नी गेली, तरी गरिबाच्या हक्काचे माप तेवढेच राहिले. ज्यांनी ते धान्यात बांधले, त्यांना नाण्यांचा स्वभाव ठाऊक असावा.