व्यापारी इमारतींचे नकाशे काढणारे

मुंबईच्या कोटांतून बॅलार्ड इस्टेटीकडे जातांना आपण सारेच मान वर करून इमारतींचे दगडी सज्जे आणि कंगोरे पाहातों. इमारत कोणाची असें विचारल्यास मालकाचें नांव कळतें, फार तर वास्तुशिल्पज्ञाचें कळतें. परंतु ज्या कागदावरून पाथरवटानें तो कंगोरा घडविला, तो कागद कोणीं काढला व काढणारा ही विद्या कोठें शिकला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. श्रोतेहो, आज त्याचीच थोडी हकीकत सांगावयाची आहे.

आरंभीं कांहीं इमारतींचे नकाशेच काय, इमारतीहि परदेशांतून येत. काळ्या घोड्याजवळचें वॉटसनचें हॉटेल १८६७ ते १८६९ या काळांत उभें राहिलें. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत तयार झाला, जहाजानें येथें आला आणि येथें जोडला गेला. आपल्या माणसांच्या वांट्यास जोडणी तेवढी आली. पुढें स्टीव्हन्ससाहेबांनीं बोरीबंदरचें स्थानक बांधिलें (१८७८ ते १८८८), तेव्हां त्यांच्या साहाय्यकांत सीताराम खंडेराव हें मराठी नांव आढळतें. असें नांव टिकून राहणें हा अपवादच म्हटला पाहिजे.

सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालची. पण वास्तुविद्येचा वर्ग तेथें १८९६ मध्यें निघाला, तोहि ड्राफ्ट्समन लोकांसाठीं. या नांवांतच त्याची मर्यादा दिसून येते : योजना दुसऱ्यानें करावी व रेघा यानें ओढाव्या. १९०८ मध्यें जॉन बेग यांच्या देखरेखीखालीं चार वर्षांचा पुरा अभ्यासक्रम व अखेरीस परीक्षा अशी व्यवस्था झाली. मग मात्र चित्र पालटूं लागलें. १९१७ मध्यें तेथून शिकून बाहेर पडलेल्यांनीं आपली संस्था काढिली आणि १९२९ मध्यें तीच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. बारा वर्षांत विद्यार्थ्यांचें मंडळ साऱ्या देशाची संस्था व्हावें, ही गति मला तरी थोडी वाटत नाहीं.

शिकण्याची रीत मोठी चिवट होती. प्रथम दुसऱ्याच्या नकाशावर खळ दिलेलें पारदर्शक कापड ताणून शाईनें गिरवावयाचें. मुंबईच्या उन्हाळ्यांत हें काम म्हणजे तपश्चर्याच. कपाळावरील घामाचा एक थेंब पडला कीं तेथील खळ विरघळून पांढरा डाग उठे. मग प्रत्यक्ष इमारतीवर फीत घेऊन जावयाचें, मापें घ्यावयाचीं आणि तीं कागदावर उतरवावयाचीं. १९२३ पासून वीस वर्षें या शाखेची धुरा वाहणारे क्लॉड बॅटली यांनीं या मोजणीवर विशेष भर दिला. विद्यार्थ्यांनीं जुन्या भारतीय इमारतींच्या काढलेल्या अशा आलेखांचा त्यांचा ग्रंथ १९३४ मध्यें प्रसिद्ध झाला.

परंतु देवळाचा खांब मोजणें निराळें व पेढीची इमारत योजणें निराळें. पेढीच्या इमारतींत जागा भाड्यानें जाते. जिना रुंद केला तर भाडें बुडतें, अरुंद केला तर आगीच्या वेळीं माणसें अडकतात. मधल्या खोलीला उजेड कोठून, खालच्या दुकानाच्या दर्शनी भागांत खांब किती, हें सारें नकाशांतच सुटावें लागतें. बॅलार्ड इस्टेट विटेटसाहेबांच्या योजनेनें १९१४ ते १९१८ च्या सुमारास उभी राहिली, तेव्हां भर दगडी दर्शनी भागावर होता. पुढें सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा आला, आणि खांब एका मजल्यावर कसेहि व दुसऱ्यावर कसेहि ठेवण्याची सोय उरली नाहीं. १९३० नंतर कोटांत ‘न्यू इंडिया ॲश्युरन्स’ची इमारत झाली. ती मास्टर, साठे व भुता या हिंदी शिल्पज्ञांच्या कचेरीनें योजिली. ड्राफ्ट्समनच्या वर्गापासून हा पल्ला चाळीस वर्षांचा.

मास्तरकी पत्करण्यापूर्वीं मीं स्वतः एका कचेरींत कांहीं महिने हें काम केलें आहे. एका दुकानाच्या जिन्याचा आडवा नकाशा मीं मोठ्या झोकांत काढला. आमचे वृद्ध हेड ड्राफ्ट्समन, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणत असूं, त्यांनीं तो पाहिला व म्हणाले, “मास्तर, आतां उभा छेद काढा आणि या जिन्यानें स्वतः वर जा.” (‘मास्तर’ ही त्यांनीं मला आधींच दिलेली पदवी!) छेद काढला तों तुळईखालीं जेमतेम पावणेदोन मीटर जागा निघाली. गिऱ्हाइकाचें डोकें नक्की फुटलें असतें. नाना रागावले नाहींत. त्यांनीं फक्त रबर पुढें सरकविलें.

त्या कचेरींत जुन्या निळ्या नकाशांच्या गुंडाळ्या माळ्यावर पडून असत. लोहक्षारांचा लेप दिलेला कागद उन्हांत धरून पाण्यांत धुतला कीं निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा उमटत. हर्शेलची ही युक्ति १८४२ सालची. आतां रेघा संगणकावर ओढल्या जातात. उजव्या कोपऱ्यांतली चौकट मात्र तशीच आहे : काढणारा, तपासणारा, तारीख. जुन्या गुंडाळ्यांत गिरवणाऱ्याचाहि एक रकाना असे. त्यांत बहुधा दोनच आद्याक्षरें असत, आणि तीं कोणाचीं हें नानांनाहि सांगतां येत नसे.