परीक्षेतील लेखनिक

दिव्यांग परीक्षार्थी तोंडी सांगेल ते उत्तर लिहून घेणारी आणि गरज पडल्यास प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारी व्यक्ती. महाविद्यालयांत ‘रायटर’ हेच नाव रुळले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये लेखनिक आणि जादा वेळ या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. ही सवलत नव्हे, वाजवी सोय होय: प्रश्न तेच राहतात, गुणदानाची कसोटीही तीच, फक्त उत्तर कागदावर उतरण्याची वाट बदलते.

केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान २० मिनिटे भरपाई वेळ ठरवला. तीन तासांच्या पेपरला एक तास. पात्र विद्यार्थ्याने लेखनिक घेतला नाही, तरी हा वेळ त्याचाच. अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले विद्यार्थी यांना मागताच लेखनिक द्यायचा होता; इतरांना जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचा दाखला आवश्यक होता.

अडचण होती ती लेखनिकाच्या पात्रतेच्या अटीत. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणात त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावा, असा नियम होता. हेतू गैरप्रकार रोखण्याचा. पण संख्याशास्त्रातील सूत्र विषय न शिकलेल्या मुलाला अक्षराअक्षराने सांगावे लागते आणि भरपाईचा वेळ त्यातच सरतो. शिवाय लेखनिक स्वतः विद्यार्थी असला, तर त्याचीही परीक्षा बहुधा त्याच दिवसांत.

११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लेखनिकापुरती बाजूला सारली. अर्जदाराला ‘रायटर्स क्रॅम्प’ होता, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार. प्रमाणपत्रावरील टक्का कमी म्हणून लिहिण्यातली खरी अडचण नाकारता येत नाही, असा निकाल आला. त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

लेखनिकाला पर्याय म्हणजे ब्रेल, मोठा टाइप किंवा स्क्रीन रीडर असलेला संगणक. मराठीत मात्र प्रश्नपत्रिका युनिकोडऐवजी जुन्या फाँटात टंकलेली असली, तर स्क्रीन रीडर तिचा एक शब्दही धड वाचत नाही. मग पुन्हा लेखनिकच शोधावा लागतो.